निळा चहा आणि बाबांची गोळी

मागच्या शनिवारी टीममधल्या एका मित्राकडे गेलो होतो. नवा फ्लॅट, चौदावा मजला, हॉलला लागून ऐसपैस बाल्कनी. घर बघून झालं, ईएमआय किती बसतो ते विचारून झालं (हा आपल्याकडचा शिष्टाचारच आहे), मग त्याने विचारलं, "साधा चहा घेणार की ब्लू टी?"

ब्लू टी म्हटल्यावर नाही कोण म्हणणार? काचेच्या कपात निळंशार पाणी आलं. वहिनींनी वरून लिंबू पिळलं आणि ते बघता बघता जांभळं झालं. चार मोबाइल बाहेर निघाले. पाकीट हातोहात फिरलं. पन्नास ग्रॅम वाळलेली फुलं, किंमत साडेचारशे रुपये. मागे बारीक अक्षरांत यादी: डिटॉक्स, स्मरणशक्ती, तजेलदार त्वचा, स्ट्रेस रिलीफ, वजनावर नियंत्रण. एवढं सगळं एका कपात मिळत असेल तर आमची अख्खी एचआर टीम बेरोजगार व्हायची.

कप घेऊन मी बाल्कनीत गेलो. आणि तिथे ग्रिलवर, वरपासून खालपर्यंत, गोकर्णीचा वेल. फुलांनी नुसता लगडलेला. पाकिटातलीच फुलं. अगदी तीच.

"अरे, हे काय?"

"ते होय? आईने लावलंय. देवाला लागतात ना तिला रोज."

म्हणजे बघा. वेल घरचा, फुलं घरची, रोज सकाळी देवाला जातात आणि दुसऱ्या दिवशी निर्माल्यात. आणि पाहुणे आले की त्याच फुलांचं वाळून कोळ झालेलं रूप साडेचारशे रुपयांच्या पाकिटातून काढायचं. मी तेव्हा हसलो. सगळेच हसलो. पण घरी येताना गाडीवर डोकं तापत गेलं, आणि त्याला कारण आहे. ते पुढे येईल. आधी तो चहा नीट करायचा कसा ते सांगतो, कारण माझं भांडण फुलांशी नाही.

सकाळी ऊन चढायच्या आत पूर्ण उमललेली आठ-दहा फुलं तोडायची. देठाकडची हिरवी टोपी काढून टाकायची. ती राहिली तर पाण्याला कच्च्या शेंगांसारखा हिरवट वास येतो, शेवटी हा वेल वाटाण्याच्या कुळातला. फुलं पाण्यात एकदा बुचकळून काढायची, कारण आत मुंग्या असतातच. कपभर पाणी उकळायचं, गॅस बंद करायचा, मिनिटभर थांबून फुलं टाकायची, झाकण ठेवायचं. पाच मिनिटांत फुलं फिकी पडतात आणि त्यांचा सगळा निळा पाण्यात उतरतो. गाळा आणि प्या.

आता खरं सांगायचं तर, याला चव नसते. म्हणजे जवळजवळ नसतेच. ज्यांनी ज्यांनी मला "वॉव, किती अर्थी फ्लेवर आहे" असं सांगितलंय, त्यांनी रंग प्यायलाय. चव आपण आणायची. पाणी उकळतानाच गवती चहाची दोन पाती आणि आल्याची एक चकती टाका, फुलं नंतर. लिंबू सगळ्यात शेवटी. खडीसाखर किंवा मध ऐच्छिक. हेच गार करून फ्रिजमध्ये ठेवलं, वर पुदिन्याची दोन पानं टाकली, की ऑक्टोबरच्या काहिलीत ऑफिसमधून आल्यावर जे काही वाटतं त्याला तोड नाही. थायलंडमध्ये हे पेय घरोघरी आहे, तिथे या फुलाला अनचन म्हणतात, आणि तेही लिंबू आणि गोडाशिवाय त्याच्या वाटेला फारसे जात नाहीत. तिथली साधी गोष्ट साधीच राहिली. आपल्याकडे येताना तिला सूट-बूट चढला.

रंग का बदलतो? त्यात जादू काही नाही. अँथोसायनिन नावाची रंगद्रव्यं आम्लात गेली की निळ्याची जांभळी-गुलाबी होतात. लाल कोबीचं पाणी घ्या, जांभळाची साल घ्या, तोच खेळ. उलट्या बाजूला चिमूटभर खायचा सोडा टाकला तर पाणी हिरवट होतं. घरात शाळकरी पोर असेल तर तीन ग्लास मांडून हे नक्की करून दाखवा. (सोड्याचा ग्लास पिऊ मात्र नका. मी प्यायलोय.)

आणि वेल लावणं म्हणाल तर त्याहून सोपं काम नाही. कोणाच्या तरी कुंपणावरच्या वाळलेल्या शेंगा मागून आणायच्या, बिया रात्रभर भिजवायच्या, बारा इंची कुंडी, चार-पाच तास ऊन, चढायला दोरी. दोन-अडीच महिन्यांत फुलं. द्विदल असल्यामुळे मुळांवरच्या गाठींमधून हवेतला नायट्रोजन स्वतःच धरतो, त्यामुळे खताचे लाडही फार नाहीत. "आम्हाला गार्डनिंगला वेळ कुठे" म्हणणाऱ्यांनी आपल्या फोनचा स्क्रीन टाइम एकदा बघावा, एवढंच सुचवतो.

आता मूळ भांडणाकडे.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. बाबांना अकरा वर्षं ब्लड प्रेशर आहे. रोज सकाळी एक गोळी. शिस्तीचा माणूस, शाळेत गणित शिकवायचे, गोळी कधी चुकली नाही. आमच्या सोसायटीच्या मैदानात महिन्यातून एका रविवारी ऑरगॅनिक बाजार भरतो. तिथल्या एका स्टॉलवरून हिबिस्कस टी आणला. कोणी आणला? मीच आणला. हे इथे लिहिणं भाग आहे, कारण नाहीतर पुढचं सगळं मी उगाच दुसऱ्यांवर ढकलतोय असं होईल. स्टॉलवरच्या मुलाने मला तोंडी सांगितलं, "सर, बीपीला एकदम बेस्ट, लोकांच्या गोळ्या सुटल्यात." मी पाचशेची नोट दिली आणि घरी येऊन तेच वाक्य बाबांना ऐकवलं. तोच सूर, तोच उत्साह. वर इंटरनेटवरची एक लिंकही पाठवली. इंग्रजीत होती, त्यामुळे दोघांनाही ती खरी वाटली.

बाबांना चहा आवडला. आंबट, लालभडक. पाकीट दीड महिन्यात संपलं. पाकिटावर मोठ्ठं लाल जास्वंदीचं फूल छापलेलं होतं, आणि आमच्या गच्चीत बाबांच्या स्वतःच्या तीन कुंड्या जास्वंदीच्या. गणिताचा माणूस. त्यांनी सरळ समीकरण मांडलं: हिबिस्कस म्हणजे जास्वंद, जास्वंद म्हणजे गच्ची, मग विकत कशाला? रोज चार फुलं गणपतीला आणि चार फुलं पातेल्यात. दरम्यान गोळी एक दिवसाआड झाली. मग आठवड्यातून दोनदा. मग बंद. आम्हाला कोणाला पत्ता नाही, आईलासुद्धा नाही.

एका सोमवारी सकाळी मी स्टँड-अप कॉलवर असताना आतून आईची हाक आली. बाबा बेसिन धरून उभे होते. डोकं ठणकतंय, डोळ्यांपुढे अंधारी. हॉस्पिटलात नेलं तेव्हा प्रेशर १९० वर ११०. नशीब थोर, पुढचं काही झालं नाही. दोन दिवसांत घरी आले. पण त्या ड्युटीवरच्या डॉक्टरीणबाईंनी, वयाने माझ्याहून लहान असतील, विचारलं, "काका, गोळी कधी बंद केलीत?" आणि बाबा माझ्याकडे बघत म्हणाले, "फुलांचा चहा सुरू केल्यापासून." तो माझ्याकडे बघण्याचा अर्धा सेकंद मी विसरलेलो नाही.

मग मी बसलो वाचायला. जे आधी करायला हवं होतं ते नंतर. आणि जे सापडलं त्याने आणखी चिडलो.

पाकिटातला हिबिस्कस आणि गच्चीतला हिबिस्कस ही दोन वेगळी झाडं आहेत. गच्चीतली जास्वंद म्हणजे हिबिस्कस रोझा-सायनेन्सिस. पाकिटातला तो हिबिस्कस सब्दारिफा, म्हणजे आपली लाल अंबाडी! आणि त्यात फूल नसतंच. फूल गळून गेल्यावर बोंडाभोवती जो मांसल, आंबट, लाल पाकळीसारखा भाग उरतो तो वाळवून विकतात. इजिप्तमध्ये त्याचं कर्कदे होतं, सेनेगलमध्ये बिसाप, मेक्सिकोत आग्वा दे हमाइका. आमची आई वऱ्हाडातली. तिला मी हे मोठ्या शोधाच्या आविर्भावात सांगितलं. ती म्हणाली, "अंबाडीचं शरबत म्हण की मग. आम्ही लहानपणी थंडीत बोंडं तोडून आणायचो, चटणी करायचो. तू पाचशे रुपये देऊन ते आणलंस?"

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत हा नेमस्पेसचा घोळ. एकाच नावाची दोन व्हेरिएबल्स, आणि कंपायलर गप्प. कोडमध्ये असं झालं तर बिल्ड तुटतं. इथे माणूस तुटता तुटता राहिला.

बरं, संशोधन खोटं होतं का? तर तेही नाही, आणि हीच यातली खरी गंमत आहे. अमेरिकेतल्या टफ्ट्स विद्यापीठातला २०१० सालचा अभ्यास आहे. प्रेशर किंचित वाढलेली, गोळ्या चालू नसलेली ६५ माणसं. निम्म्यांना रोज तीन कप या अंबाडीचा चहा, बाकीच्यांना तशाच चवीचं नुसतं पाणी. सहा आठवड्यांनी चहावाल्यांचा वरचा आकडा सरासरी ७.२ने उतरला, दुसऱ्यांचा १.३ने. चांगला निष्कर्ष आहे. पण नीट वाचा: अंबाडी, जास्वंद नव्हे. मोजून-मापून रोज तीन कप. प्रेशर आत्ता कुठे वाढू लागलेली माणसं. सहा आठवडे. अकरा वर्षांचा जुना पेशंट, गच्चीतली वेगळीच फुलं, अंदाजपंचे माप आणि गोळी बंद, यावर तो अभ्यास एक अक्षर बोलत नाही. तो कागद हजार पानांवर फिरत फिरत "लोकांच्या गोळ्या सुटल्यात" इथपर्यंत कसा पोचतो? प्रत्येक जण एकेक अट गाळत जातो. शेवटची अट मी गाळली होती, बाबांना लिंक पाठवताना.

गोकर्णीचंही तेच. तिच्या पाकिटावर "स्मरणशक्ती" कुठून आली? तर शंखपुष्पी या नावातून. केरळात शंखपुष्पी म्हणून गोकर्ण वापरतात, इतरत्र बहुतेक ठिकाणी शंखपुष्पी म्हणजे कॉन्व्हॉल्व्ह्युलस, जमिनीलगत पसरणारं एक वेगळंच बारकं झुडूप. पुन्हा एक नाव, दोन झाडं. पाकीट छापणाऱ्याला दोन्हींचे गुण एकाच फुलावर चढवायला काय जातंय?

इथे कोणीतरी म्हणणारच, की कायदा नाही का? आहे ना. १९५४चा ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज कायदा आहे, त्याच्या यादीत मधुमेह, रक्तदाब, लठ्ठपणा सगळे नावानिशी आहेत. यांवर इलाज म्हणून जाहिरात करता येत नाही. खाद्यपदार्थांच्या जाहिरातींचे २०१८चे नियम आहेत, त्यांतही पदार्थ रोग बरा करतो असं म्हणायला बंदी आहे. म्हणूनच पाकिटावर "रक्तदाब बरा होतो" असं कोणी छापत नाही. तिथे "हार्ट वेलनेस" असतं. "सपोर्ट्स" असतं. बरा होतो हे सांगायला स्टॉलवर माणूस असतो. आणि तो गेला की माझ्यासारखा एक मुलगा असतो.

आणि तो डिटॉक्स! या शब्दाने तर माझं टाळकंच सटकतं. कुठलं टॉक्सिन? त्याचं नाव सांगा. चहाआधी रक्तात किती होतं, नंतर किती उरलं? आमच्याकडे नवा जॉइन झालेला पोरगा "परफॉर्मन्स इम्प्रूव्ह केला" म्हणाला तर अख्खी टीम त्याला विचारते, कशाचा, किती, आधी किती होता, कुठे मोजलास? तीच अख्खी टीम कॅन्टीनमध्ये डिटॉक्स टीचे डबे उघडून बसते आणि तेव्हा कोणाला आकडा आठवत नाही. लिव्हर आणि किडन्या हे काम फुकटात करतायत, मंडळी. त्यांच्या नावाने एकही पाकीट निघत नाही हा त्यांचा मार्केटिंगमधला दोष.

मध्यंतरी डिसेंबर २०२५मध्ये एफएसएसएआयने स्पष्ट केलं, की कॅमेलिया सायनेन्सिस म्हणजे खऱ्या चहाच्या झाडापासून जे होतं त्यालाच "चहा" म्हणा, फुलापानांच्या बाकीच्या पेयांच्या लेबलवर हा शब्द वापरू नका. त्यावर आमच्या ग्रुपवर बरीच खिल्ली उडाली. मला विचाराल तर ठीकच झालं. (आपल्या गवती चहाचं काय होणार हा प्रश्न उरतोच. त्याच्या तर नावातच चहा आहे आणि तो पडतोही चहातच.) पण चहा शब्द गेल्याने पाकिटवाल्यांचं काही अडत नाही. त्यांचा माल "वेलनेस" या शब्दावर विकला जातो. आई या सगळ्याला "फुलांचं पाणी" म्हणते. त्या नावाने पन्नास ग्रॅमचे साडेचारशे कोणी देणार नाही, आणि म्हणूनच मला ते नाव आवडतं.

आयुर्वेदवाले मित्र आता सरसावले असतील. थांबा जरा. माझा तुमच्याशी वाद नाही. तुमचा वैद्य काय करतो? नाडी बघतो, वय विचारतो, दुसरी कुठली औषधं चालू आहेत विचारतो, झाडाचा कुठला भाग, किती, कशाबरोबर, किती दिवस, हे ठरवून देतो. पाकीट यातलं काही विचारतं का? पाकीट तुमचं नावही विचारत नाही. आयुर्वेदाचा एवढा अभिमान असेल तर सगळ्यात आधी त्या पाकिटावर तुम्ही चिडायला हवं.

"नैसर्गिक आहे, अपाय तर नाही ना?" हा दुसरा आवडता युक्तिवाद. सदाफुलीची गोष्ट ऐका. जमैकात लोक मधुमेहावर सदाफुलीच्या पानांचा चहा प्यायचे. १९५०च्या दशकात ती पानं कॅनडातल्या संशोधकांच्या हाती आली. त्यांनी उंदरांवर तपासलं तर साखरेवर काही परिणाम दिसेना, पण रक्तातल्या पांढऱ्या पेशी धडाधड कमी झाल्या. त्यातून पुढे व्हिनब्लास्टिन हे कॅन्सरवरचं औषध निघालं. ज्या झाडातून केमोथेरपी निघते, ते झाड "रोज सकाळी अनशापोटी पाच फुलं" म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतंय, आजही. आणि आपल्या सोसायटीच्या कुंपणाला शोभेची म्हणून काय काय लावलेलं असतं? कण्हेर, पिवळी कण्हेर, दोन्ही थेट हृदयावर घाला घालणाऱ्या. कोपऱ्यात धोतरा. कुठे कळलावी. गोकर्ण निळी दिसते म्हणून उद्या कोणी कुठलंही निळं-जांभळं फूल पातेल्यात टाकेल, तर तो चहा शेवटचा ठरायचा. ज्या फुलाचं नाव आई, आजी किंवा माळीकाका छातीठोकपणे सांगू शकत नाहीत, ते फूल कपात जाणार नाही. मी स्वतःसाठी एवढा एकच नियम ठेवलाय.

गोकर्णीचंही उगाच कौतुक नको. तिच्या फुलांच्या अर्काला अमेरिकेच्या एफडीएने २०२१मध्ये खाद्यरंग म्हणून मान्यता दिली. पण पुढच्याच वर्षी वाळलेली फुलं खाद्यपदार्थ म्हणून युरोपात आणायची वेळ आली, तेव्हा तिथल्या अन्नसुरक्षा संस्थेने सुरक्षिततेचे आक्षेप घेतले. यात सायक्लोटाइड नावाची प्रथिनं असतात, त्यांची पुरेशी तपासणी झालेली नाही, असं त्यांचं म्हणणं. मग मी पितो का? पितो. आठवड्यातून दोन-तीनदा, एक कप. कोकमाचं सरबत जसं पितो तसं. लिटर-लिटर प्यायला ते काही औषध नाही, आणि औषध असतं तर मग लिटर-लिटर मुळीच प्यायलो नसतो. गरोदर असाल तर जास्वंद आणि अंबाडी दोन्हींपासून लांबच राहा, आणि साखरेच्या किंवा प्रेशरच्या गोळ्या चालू असतील तर कुठलंही फूल रोजचं करण्याआधी डॉक्टरांना सांगा. सांगायला लाज वाटते हा खरा अडसर आहे. बाबांनाही तीच वाटली होती.

आणि हो, बाजारातली फुलं नकोत! दसऱ्याच्या शेवंतीचा ढीग बघून चीनमधला शेवंतीचा चहा आठवला म्हणून ती घरी आणून उकळू नका. हाराची आणि बुकेची फुलं खाण्यासाठी पिकवलेली नसतात, त्यांच्यावर काय आणि किती फवारलंय याचा हिशोब कोणाकडे नसतो. तेच नर्सरीतून आणलेल्या रोपाचं. आणल्यावर पहिला बहर देवाला, दुसरा आपल्याला, असं आमच्या घरी चालतं. स्वतःची कुंडी हवी ती याचसाठी. साडेचारशे रुपये वाचतात हे आपलं बोनस.

जास्वंद करायची असेल तर साधी, पाच पाकळ्यांची, गावठी लाल. डबल, पिवळी, हायब्रिड नको. चार फुलांच्या फक्त पाकळ्या घ्यायच्या. मधली परागाची दांडी आणि खालचा हिरवा भाग काढून टाकायचा. गरम पाण्यात तीन मिनिटं, बस्स. उकळत ठेवलं तर भेंडीच्या भाजीसारखं बुळबुळीत होतं (भेंडीची चुलत बहीणच ती). पाणी आधी मळकट जांभळं दिसतं, बघून वाटतं फसलं. घाबरू नका, लिंबू पिळा, माणकासारखं लाल होतं. अंबाडीसारखा आंबटपणा यात नाही, लिंबाचाच काय तो. थोडं सैंधव आणि साखर घालून गार प्या.

सगळ्यात सुंदर मात्र मोगरा, आणि तो उकळायचाच नाही. संध्याकाळी टपोऱ्या, उमलायच्या बेतातल्या कळ्या तोडायच्या आणि माठातल्या पाण्यात तरंगत ठेवायच्या. मोगरा रात्री उमलतो, सगळा वास तेव्हा सुटतो. सकाळी कळ्या काढून टाकायच्या. चीनमध्ये चहाची पत्ती मोगऱ्याने सुगंधित करतात ती याच तत्त्वावर: रात्री फुलं पत्तीत मिसळायची, सकाळी चाळून काढायची, दुसऱ्या रात्री पुन्हा ताजी. आपल्याकडे आज्यांनी हे माठात केलं, वाळ्याची जुडी सोबतीला टाकली, आणि त्याचा एकही फायदा कोणाला सांगितला नाही. पाण्याला वास छान येतो, एवढंच म्हणायच्या. मला तर कशाचीही एवढी प्रामाणिक जाहिरात दुसरी माहीत नाही.

"अरे पण लोकांना बरं वाटतंय तर पिऊ दे ना, तुझं काय जातंय?" असं परवा तोच चौदाव्या मजल्यावरचा मित्र म्हणाला. माझं काय जातंय ते त्याला सांगितलं. बेसिन धरून उभे असलेले बाबा सांगितले. तो गप्प झाला, मग म्हणाला, "माझ्या सासूबाई शुगरसाठी काहीतरी फुलं उकळून पितात. कुठली ते विचारायला हवं." त्याच रात्री त्याचा मेसेज आला. सदाफुली. आठ महिने. गोळ्या चालू आहेत म्हणाल्या, पण नक्की माहीत नाही. दुसऱ्या दिवशी त्याने रजा टाकली आणि त्यांना डॉक्टरकडे घेऊन गेला. म्हणून हे आज लिहायला बसलो, नाहीतर या वीकेंडला वेगळ्याच विषयावर लिहिणार होतो.

आमच्याकडे आता सात खणांची डबी आहे, बायकोने आणली. सकाळी आठला गोळी, आणि मी समोर असतो. फुलांचं पाणी दुपारी चारला, गच्चीत, मारी बिस्किटाबरोबर. बाबांनी ते सोडलं नाही, डॉक्टरीणबाईंना विचारून ठेवलंय. आता ते त्याला "आपलं रंगीत पाणी" म्हणतात आणि लिंबू पिळायचा मान नातीला असतो. गेल्या आठवड्यात गणपतीच्या चार फुलांनंतर पातेल्यासाठी दोनच उरली, कारण दुसऱ्या मजल्यावरचे काका आकडीची काठी घेऊन आमच्या आधी गच्चीत जाऊन येतात. त्यांचाही गणपती आहे, बोलणार काय? उद्याचा अलार्म साडेपाचचा लावलाय.